बांध गेला, कागद उरला : नेवाळीच्या युद्धकाळातल्या विमानतळाची गोष्ट

(आपल्या सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



मागच्या कार्यक्रमानंतर वसईच्या पूर्वेकडून एका मावशींचा फोन आला होता. त्या म्हणाल्या, "ताई, शेतात मोजणीवाले येऊन गेले. चार ठिकाणी खुणेचे दगड रोवले, त्यांना रंग फासला. घरातले पुरुष म्हणतात, काही होत नाही. शेजारी म्हणतात, जमीन गेलीच समजा. तुम्ही सांगा, माझी जमीन गेली की आहे?"

मी त्यांना म्हटलं, मावशी, दगड रोवल्याने जमीन जात नाही. जमीन कागदाने जाते आणि कागदानेच राहते. पण हे वाक्य फोनवर बोलून पटणारं नाही, म्हणून आज एक खरी गोष्ट सांगते. ती आपल्या वसईची नाही, पण फार लांबचीही नाही. वसई-दिवा गाडीने गेलात आणि पुढे कल्याण गाठलंत, तर कल्याणहून मलंगगडाच्या रस्त्याला नेवाळी नाका लागतो. तिथली ही गोष्ट आहे. आपल्या नवघरहून जो विरार-अलिबाग कॉरिडॉर निघायचा आहे, त्याच्या नकाशातही भिवंडी, कल्याण, अंबरनाथ हे तालुके ओळीने येतात. म्हणजे आज आपण आणि ते एकाच रस्त्यावरचे. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी तर आपण सगळे एकाच ठाणे जिल्ह्याचे होतो.

नेवाळीला विमानतळ आहे, असं नकाशावर आणि सरकारदरबारी म्हणतात. प्रत्यक्षात तिथे प्रवासी विमान कधी उतरलं नाही. तिकीटखिडकी नाही, उद्घोषणा नाही, पाहुण्यांना आणायला गेलेली माणसं नाहीत. समोर मलंगगड, आजूबाजूला भाताची खाचरं, माळ, वाढत चाललेली वस्ती आणि मध्ये गवताने वेढलेला जुन्या धावपट्टीचा भाग. ज्या विमानांसाठी हे सगळं केलं, ती ऐंशी वर्षांपूर्वीच निघून गेली. पण त्यांच्यासाठी घेतलेल्या जमिनीचं भांडण मात्र गेलं नाही.

हे विमानतळ आलं कुठून, ते आधी पाहू.

१९४१ च्या डिसेंबरात जपान दुसऱ्या महायुद्धात उतरला. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. मार्चमध्ये रंगून पडलं. ५ एप्रिलला कोलंबोवर बॉम्ब पडले आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या विशाखापट्टणमवर आणि काकीनाड्यावर. युद्ध दारात आलं. इंग्रज सरकारची तोवरची सगळी तयारी वायव्य सरहद्दीकडच्या शत्रूसाठी होती. पूर्वेकडून कुणी येईल, हे त्यांनी फारसं धरलंच नव्हतं. मग एकदम धावपळ सुरू झाली. देशभरात दोनशेहून जास्त विमानतळ बांधायचे, असं ठरलं. काही आसाम-बंगालमध्ये, म्हणजे लढाईच्या जवळ. काही मागच्या बाजूला, जिथे विमानं ठेवता येतील, दुरुस्त करता येतील, माल उतरवता येईल.

मुंबई हे मोठं बंदर. परदेशातून येणारं सैन्य आणि सामान इथे उतरायचं. आणि मुंबईच्या मागे कल्याण. कल्याणचं महत्त्व आपल्याला गाडीने जाताना कळतंच. तिथे रेल्वेचे दोन फाटे होतात, एक कर्जतवरून पुण्याकडे, दुसरा कसाऱ्यावरून नाशिककडे. म्हणजे कल्याणला उतरवलेलं सैन्य देशात कुठेही पाठवता येतं. शिवाय ते समुद्रापासून आत आहे, जवळ पाण्याची सोय आहे आणि मोकळी सपाट जमीन आहे. म्हणून कल्याणच्या पुढे लष्कराची मोठी छावणी बसली, हजारो सैनिकांना तात्पुरतं ठेवायची. आणि नेवाळीच्या सपाटीवर विमानतळाची आखणी झाली.

आता 'मोकळी सपाट जमीन' हे शब्द जरा नीट ऐका. नकाशा बघणाऱ्या साहेबाला जी जमीन मोकळी दिसते, ती शेतकऱ्याच्या घरी मोकळी नसते. कोकणपट्टीत सपाट जमीन म्हणजे भातशेती. ती देवाने सपाट करून दिलेली नसते. आपल्या आजे-पणज्यांनी उतारावरून दगड वेचून, बांध घालून, पाणी अडवून, पिढ्यान्‌पिढ्या माती धरून ती सपाट केलेली असते. प्रत्येक खाचराला नाव असतं. हे मळ्याचं, हे आंब्याखालचं, हे विहिरीजवळचं. कुणाचं शेत कुठे संपतं, हे सांगायला कागद लागत नाही, बांध सांगतो. बांधावरचं झाड सांगतं.

विमानतळ बांधायचा म्हणजे पहिलं काम हेच असतं : बांध मोडायचे. जड लढाऊ विमान धावायला लांबच्या लांब एकसारखी, कडक, कोरडी पट्टी लागते. म्हणून आधी बांध फोडून खाचरं एका पातळीत आणतात. पाण्याच्या जुन्या वाटा बुजवतात आणि नवे चर काढतात, नाहीतर पहिल्याच पावसात पट्टी खचेल. मग दगडांचं सोलिंग, त्यावर मुरूम, त्यावर रोलर, आणि वर डांबर किंवा काँक्रीट. त्या काळी यंत्रं थोडी होती. देशातल्या अशा कितीतरी विमानतळांवर हे काम माणसांच्या हातांनी झालं. त्या वेळची छायाचित्रं पाहिलीत तर विमानाच्या शेजारून डोक्यावर दगडांच्या पाट्या घेऊन चाललेल्या बायकांच्या रांगा दिसतात. साडीचा काष्टा घातलेला, काहींच्या कडेवर मूल. युद्धाच्या इतिहासात वैमानिकांची नावं लिहिलेली असतात. पाटी वाहणारीचं नाव हजेरीच्या वहीत असलंच तर असेल.

तुम्ही विचाराल, एका धावपट्टीला अशी किती जमीन लागते? त्या काळी मोठ्या विमानांसाठी साधारण दोन हजार यार्ड लांब आणि पन्नास यार्ड रुंद पट्टी हे ठरलेलं माप होतं. म्हणजे सुमारे १,८०० मीटर लांब, ४५ मीटर रुंद. हिशेब केला तर एक पट्टी भरते जेमतेम २१ एकर. आणि नेवाळीला जमीन गेली १,६०० एकरांहून जास्त, अनेक गावांची मिळून. मग एवढी जमीन कशाला?

कारण युद्धातला विमानतळ म्हणजे फक्त पट्टी नव्हे. विमानं एका ओळीत उभी केली तर एका बॉम्बमध्ये सगळी जातील, म्हणून ती लांब लांब विखरून ठेवतात. तिथवर जायला रस्ते लागतात. पेट्रोलचा साठा एका टोकाला, दारूगोळा दुसऱ्या टोकाला, राहायच्या बराकी तिसरीकडे. उतरणाऱ्या विमानासमोर झाड नको, घर नको, म्हणून दोन्ही तोंडांना मोकळी जागा. असं करता करता हजार-दीड हजार एकर जातात. आणि म्हणूनच युद्ध संपल्यावर या जमिनीचा मोठा भाग नुसता उघडा पडला. त्यावर ना काँक्रीट होतं ना इमारत. शेतकऱ्यांनी पुन्हा नांगर धरला. नेवाळीच्या आसपासच्या गावांतली माणसं तिथे पुढची कितीतरी वर्षं पिकं घेत राहिली. हाताला माती होती. नावावर मात्र नव्हती.

आता गोष्टीच्या गाभ्याकडे येऊ. जमीन घेतली ती कशी घेतली?

सरकार जमीन घेतं तेव्हा दोन वेगळे शब्द असतात, आणि आपल्याकडे घरात दोन्हीला एकच म्हणतात, 'जमीन सरकारने घेतली'. पहिला शब्द अधिग्रहण. म्हणजे गरजेपुरता ताबा घेणं. मालकी तुमचीच राहते, सरकार वापरापोटी भरपाई देतं, आणि गरज संपली की ताबा परत करायचा असतो. दुसरा शब्द संपादन. म्हणजे मोबदला देऊन मालकीच घेणं. संपादन झालं की सातबाऱ्यावरून तुमचं नाव कमी होतं आणि सरकारचं लागतं.

सोप्या भाषेत सांगायचं तर लग्नकार्याला शेजारणीने आपला मोठा टोप मागून नेला, हे अधिग्रहण. कार्य झालं की टोप परत. आणि शेजारणीने पैसे देऊन टोप विकतच घेतला, हे संपादन. भांडण कधी होतं? टोप नेताना काय बोलणं झालं होतं, ते दोघींना वेगवेगळं आठवतं तेव्हा.

युद्धकाळात दोन्ही मार्ग उघडे होते. संपादनासाठी १८९४ चा भूमी संपादन कायदा होताच. शिवाय १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याखाली जे नियम झाले, त्यांतल्या ७५-अ या नियमाने सरकारला युद्धासाठी कुणाचीही मालमत्ता अधिग्रहित करता येत होती. आणि त्याच नियमात, अधिग्रहित केलेली मालमत्ता नंतर नोटीस काढून कायमची संपादन करण्याचीही सोय होती. म्हणजे आज 'तात्पुरती' म्हणून दिलेली जमीन उद्या एका कागदाने कायमची जाऊ शकत होती. तो कागद शेतकऱ्याच्या घरी पोचला का, वाचून दाखवला का, कुठल्या भाषेत होता, हे प्रश्न तेव्हा कोण विचारणार?

तो काळही डोळ्यांसमोर आणा. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'ची हाक आली आणि काँग्रेसचे मोठे पुढारी तुरुंगात गेले. १४ ऑगस्टला आपल्या पालघरमध्ये मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. आपण दरवर्षी त्यांना अभिवादन करतो. ज्या जिल्ह्यात मोर्चा काढला तर गोळी लागत होती, त्याच जिल्ह्यात भाताच्या खाचरासाठी लष्कराशी वाद घालायला कोणता शेतकरी जाणार होता?

युद्ध १९४५ मध्ये संपलं. आता बघा, एकाच युद्धासाठी, एकाच मुंबई परिसरात घेतलेल्या तीन जागांचं पुढे काय झालं ते.

पहिली, सांताक्रूझ. युद्धात तिथे इंग्रजांच्या हवाई दलाचा तळ होता. युद्धानंतर तो नागरी विमानतळ झाला. आज आपण मुंबईचं विमानतळ म्हणतो ते त्याच जागेवर वाढलेलं.

दुसरी, कल्याणची छावणी. फाळणी झाली आणि सिंधमधून निर्वासित आले. रिकाम्या बराकींत हजारो कुटुंबांना जागा दिली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वसाहतीला उल्हासनगर असं नाव मिळालं. आजही तिथले लोक पत्ता सांगताना 'कॅम्प एक', 'कॅम्प चार' असंच म्हणतात. छावणी गेली, तिचे आकडे राहिले.

आणि तिसरी, नेवाळी. तिचा ना नागरी विमानतळ झाला, ना शहर झालं, ना ती शेतकऱ्यांना परत मिळाली. ती संरक्षण खात्याकडे राहिली आणि पुढे नौदलाकडे आली. मधली सत्तर वर्षं ती अशीच, कागदावर विमानतळ आणि जमिनीवर शेत.

या सत्तर वर्षांत आणखी एक मोठी गोष्ट घडली, ती आपल्या बायकांच्या गप्पांत कधी येत नाही. १९४२ मध्ये ठाणे जिल्ह्यात जमीन कसणारे कितीतरी लोक मालक नव्हते, कुळं होती. मालक दुसराच, अनेकदा सावकार. सरकारने जमीन घेतली की मोबदला कागदावरच्या मालकाला. कसणाऱ्याचं शेत जायचं आणि हातात फारसं काही यायचं नाही. नंतर १९४८ चा कूळ कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाने चित्रच बदललं. त्या दिवशी कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. आज आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरची शेती याच तारखेमुळे नावावर आहे. पण सरकारच्या मालकीच्या जमिनीला ही तरतूद लागू नव्हती. म्हणजे हिशेब बघा. ज्या कुळाची जमीन युद्धाने संपादन केली नाही, ते १९५७ ला मालक झालं. ज्याची केली, त्याने पंधरा वर्षांच्या फरकाने ती संधी गमावली. दोघांनी सारखाच घाम गाळला होता.

आता २०१७. नौदलाने नेवाळीच्या जमिनीभोवती कुंपणाची भिंत बांधायला घेतली. महिना जूनचा. म्हणजे पाऊस सुरू, पेरणीचे दिवस. ज्या शेतात आपण आवणी करतो, त्या शेताला भिंत पडणार, हे दिसल्यावर लोक रस्त्यावर उतरले. २२ जूनला आंदोलन पेटलं. रस्ते अडवले गेले, गाड्या जाळल्या गेल्या, पोलिसांनी छर्र्यांच्या बंदुका चालवल्या. आंदोलकही जखमी झाले, पोलीसही. हिंसेचं समर्थन कुणीच करणार नाही. पण ती सकाळ एका दिवसात आलेली नव्हती. ती १९४२ पासून चालत आली होती.

शेतकऱ्यांचं म्हणणं असं, की जमीन युद्धापुरती घेतली होती, युद्ध संपल्यावर परत द्यायची होती. संरक्षण खात्याचं म्हणणं असं, की जमीन रीतसर संपादन झालेली आहे आणि मालकी आमची आहे. म्हणजे तेच, टोप मागून नेला होता की विकत घेतला होता? फरक इतकाच, की टोप देणारी आणि घेणारा दोघेही आज हयात नाहीत. नातवंडं भांडताहेत. आणि साक्षीला कोण? बांध तर विमानतळाने मोडले. झाडं तोडली, विहिरी बुजल्या. शेताला स्वतःची आठवण सांगायची जी साधनं होती, ती सगळी गेली. उरला फक्त कागद, आणि तो होता सरकारच्या कपाटात.

मैत्रिणींनो, मला या गोष्टीतून जे सांगायचं आहे ते इतकंच. जमीन घेणाऱ्याकडे नेहमी फाइल असते. देणाऱ्याकडे नेहमी आठवण असते. आणि कचेरीत आठवणीला शिक्का नसतो.

माझ्या माहेरची एक लहान गोष्ट सांगते. रस्ता रुंद करताना आमच्या वाडीची एक पट्टी गेली. नोटीस आली होती, पण ती माझ्या आजोबांच्या नावाने, आणि आजोबांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. वारसांची नोंदच कुणी केली नव्हती. नोटीस परत गेली. आईला कळलं तेव्हा वाडीच्या कुंपणाच्या आतल्या बाजूला खडी पडली होती. मोबदला मिळायला पुढे जे हेलपाटे झाले, त्यातले निम्मे 'तुम्ही कोण?' या एका प्रश्नाचं उत्तर देण्यात गेले. आई त्या वाडीत चाळीस वर्षं राबली होती. तिथल्या प्रत्येक केळीला तिने पाणी घातलं होतं. पण कागदावर ती कुणीच नव्हती.

आता चांगली बाजू सांगते, कारण १९४२ आणि आजचा काळ यांत फरक आहे. २०१३ चा नवा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात नुसता मालकच नव्हे, तर त्या जमिनीवर आधीची तीन वर्षं ज्यांचं पोट प्रामुख्याने अवलंबून होतं, अशी कुळं आणि शेतमजूर कुटुंबंही 'बाधित' धरली आहेत. प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते. राष्ट्रीय महामार्गाचा कायदा वेगळा आहे, तिथे ही मुदत फक्त २१ दिवसांची आहे, म्हणून तिथे दिरंगाई करूच नका. आणि २०१३ च्या कायद्यात एक कलम असंही आहे, की घेतलेली जमीन ताब्यात आल्यापासून पाच वर्षं वापरलीच नाही, तर ती मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसांना परत जावी, किंवा सरकारच्या भूमी बँकेत जावी. त्यात 'किंवा' आहे, हे लक्षात ठेवा. तरीही, न वापरलेल्या जमिनीचा प्रश्न कायद्याने विचारला, हेच नेवाळीसारख्या अनुभवांतून आलेलं शहाणपण आहे.

पण कायदा तुमच्या घरी चालत येत नाही. म्हणून या आठवड्यात चार कामं करा.

पहिलं, घरातली ट्रंक उघडा. सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, खरेदीखत, कूळ कायद्याचं प्रमाणपत्र, शेतसाऱ्याच्या पावत्या, जे असेल ते बाहेर काढा. प्रत्येकाची झेरॉक्स करा, मोबाइलवर फोटो काढा, आणि एक संच बहिणीकडे किंवा लेकीकडे ठेवा. जुना कागद मोडीत असेल तर 'काही कळत नाही' म्हणून टाकू नका. मोडी वाचणारे लोक आहेत. नवा सातबारा तर आता डिजिटल सहीचा ऑनलाइन मिळतो. तो काढून जुन्याशी ताडून पाहा. क्षेत्र तेवढंच आहे का? इतर हक्कांच्या रकान्यात काही नवीन आलं आहे का?

दुसरं, वारसनोंद करा. घरातलं माणूस गेलं की दहावं-बारावं आपण चुकवत नाही. वारसनोंद मात्र वर्षानुवर्षं राहते. नोटीस सातबाऱ्यावरच्या नावाने निघते. तिथे मेलेल्या माणसाचं नाव असेल, तर नोटीस मेलेल्या माणसालाच जाते.

तिसरं, त्या वारसनोंदीत आपलं नाव आहे का ते बघा. महाराष्ट्रात हिंदू कुटुंबातल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क १९९४ च्या दुरुस्तीने दिला आणि २००५ मध्ये तो देशभर झाला. आपल्या वसईतल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे, तिथेही वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर मुलगा-मुलगी सारखेच. 'भावाशी वाईट कशाला व्हायचं' म्हणून हक्कसोड पत्रावर सही करणं हा तुमचा निर्णय आहे. पण तो वाचून करा. मोजणीचे दगड पडल्यानंतर घाईने पुढे केलेल्या कागदावर करू नका.

चौथं, कुठलाही कागद आला की त्यावरचा शब्द वाचा. ही मोजणीची नोटीस आहे, की अधिसूचना? ताबा मागताहेत की मालकी? संमतीपत्र आहे की निवाडा? रक्कम पटत नसेल तर 'हक्क राखून, निषेधासह स्वीकारले' असं लिहून पैसे घ्या, म्हणजे पुढे दाद मागायची वाट बंद होत नाही. आणि कुणी तोंडी म्हणालं, 'ताई, तात्पुरतं आहे, काम झालं की परत देऊ', तर हसून म्हणा, 'बरं आहे भाऊ, तेवढं लिहून द्या. तारीख घाला, सही करा.'

पूर्वेकडच्या त्या मावशींना मी हेच सांगितलं. त्यांच्या शेतातले दगड सध्या तरी फक्त दगड आहेत. त्यांनी दुसऱ्या दिवशी सातबारा काढला. त्यावर अजून त्यांच्या सासऱ्यांचंच नाव होतं, आणि सासरे जाऊन वीस वर्षं झाली. आता वारसनोंदीचा अर्ज दिला आहे. मुलगा म्हणाला, "आई, तुझं नाव कशाला?" मावशी म्हणाल्या, "आवणी कोण करतं?"

कधी कल्याणच्या बाजूला गेलात आणि मलंगगडाच्या रस्त्याला लागलात, तर नेवाळीला जरा थांबा. विमान दिसणार नाही. पण त्या सपाटीकडे बघताना लक्षात ठेवा, तिथे एकेकाळी बांध होते, आणि प्रत्येक बांधाला कुणाचं तरी नाव होतं. आपल्या बांधाचं नाव आपण कागदावर आणू या. बांध उभा आहे, तोवरच.